उताराची वनौषधी बाग आणि अपुऱ्या दाबाचे पाणी

वैद्याच्या घरामागे किंवा औषधशाळेच्या आवारात काही औषधी वनस्पती लावलेल्या असाव्यात, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. शार्ङ्गधरसंहितेत जी द्रव्ये सदैव ओलीच घ्यावीत असे सांगितले आहे, त्यांत गुडूची, वासा, शतावरी, अश्वगंधा यांचा समावेश आहे. ही द्रव्ये बाजारात मिळतात ती बहुधा सुकलेली. ब्राह्मीच्या नावाने जलब्राह्मी आणि मंडूकपर्णी या दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात, हेही आपणां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून स्वतःच्या हाताने लावलेली, स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलेली वनस्पती ही वैद्याच्या दृष्टीने हौस नसून गरज आहे.

परंतु ज्यांची वास्तू सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणातील डोंगरउतारावर किंवा शहराबाहेरील एखाद्या टेकडीच्या कुशीत आहे, त्यांच्या बागेत एक दृश्य वारंवार दिसते. परसात तुषार सिंचनाचे नोझल बसवलेले असतात. खालच्या अंगाला चिखल साचून मुळे कुजतात आणि वरच्या अंगाची शतावरी चैत्र-वैशाखात वाळून जाते. तीन वर्षे जपलेल्या शतावरीचे मूळ काढणीच्या तोंडावर हातचे जाणे, हे नुकसान पैशांत मोजण्याजोगे नाही. यात दोष पाण्याचा नसतो, यंत्राचाही नसतो. उतार आणि दाब यांचे गणित आधी न मांडता साहित्य खरेदी केले जाते, हे त्याचे कारण होय. हे गणित कोणाही व्यवसायबंधूस घरच्या घरी करता येण्याजोगे आहे. ते येथे क्रमाने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आधी मोजणी, मग खरेदी

निदानाआधी चिकित्सा नाही, हा आपला नियम बागेलाही लागू आहे. तीन गोष्टी मोजाव्यात.

पहिली गोष्ट उंचीची. गवंडी पातळी पाहण्यासाठी जी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तिच्या साहाय्याने बागेच्या खालच्या आणि वरच्या कडेतील उंचीचा फरक काढावा. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. खालून पाहताना उतार नेहमी फसवतो.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. २० लिटरची बादली आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन बागेच्या खालच्या कडेस आणि वरच्या कडेस नळी पूर्ण उघडून बादली किती वेळात भरते ते पाहावे.

तिसरी गोष्ट दाबाची. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दाबमापक नळाला जोडला की दाब कळतो. पाणी गच्चीवरील टाकीतून येत असेल तर दाबमापकाशिवायही भागते. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब. टाकीच्या तळापासून नळापर्यंत जितके मीटर उंची, तितके मीटर दाब. टाकी कितीही मोठी असली तरी दाब वाढत नाही. तो केवळ उंचीने वाढतो. दोन हजार लिटरच्या टाकीऐवजी पाच हजारांची बसवली म्हणजे फवारा लांब जाईल, ही समजूत निराधार आहे.

आकडेमोड स्पष्ट व्हावी म्हणून एक बाग गृहीत धरू. लांबी उताराच्या दिशेने १८ मीटर, रुंदी १२ मीटर, म्हणजे क्षेत्र २१६ चौरस मीटर. वरची कड खालच्या कडेपेक्षा ३.६ मीटर उंच. दवाखान्याच्या गच्चीवर २,००० लिटरची टाकी असून तिचा तळ बागेच्या खालच्या कडेपासून ६ मीटर उंच आहे. म्हणजे खालच्या कडेला ६ मीटर आणि वरच्या कडेला केवळ २.४ मीटर दाब शिल्लक राहतो. पाणी वाहू लागले की नळीतील घर्षणामुळे तोही घटतो.

तुषार का पडत नाहीत?

शेतात वापरले जाणारे मोठे फिरते तुषार संच साधारणतः २ ते ४ किलो दाबावर चालतात. बागेसाठीचे सूक्ष्म तुषार १ ते २ किलोवर समाधानकारक काम करतात. आपल्या गृहीत बागेत उपलब्ध दाब आहे ०.६ किलो आणि ०.२४ किलो. नोझलमधून बाहेर पडणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. दाब चौथाई झाला की पाणी निम्मे होते. १.५ किलो दाबावर तासाला ६० लिटर देणारे नोझल या बागेच्या खालच्या कडेस सुमारे ३८ लिटर आणि वरच्या कडेस सुमारे २४ लिटरच देईल. शिवाय कमी दाबावर थेंब मोठे पडतात, फवाऱ्याचा घेर आखडतो आणि फिरणारा भाग मध्येच अडतो. मोठे थेंब उतारावरील माती उचकटतात, हे वेगळेच.

यावर अनेक जण नोझलांची संख्या वाढवतात. त्याने प्रवाह विभागला जातो, घर्षण वाढते आणि दाब आणखी खाली येतो. मंदाग्नीच्या रुग्णास आहार वाढवून द्यावा, त्यातलाच हा प्रकार.

नळीच्या जाडीकडेही दुर्लक्ष होते. एवढाच प्रवाह निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यायचा झाल्यास घर्षणात जाणारा दाब सुमारे तीस पट होतो. मिनिटाला १२ लिटर पाणी ४० मीटर लांबीच्या अर्ध्या इंची नळीतून नेले तर जवळजवळ १२ मीटर दाब वाटेतच खर्ची पडतो. २५ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या नळीत तोच अर्ध्या मीटरहून कमी. ज्या बागेत एकूण दाबच ६ मीटर आहे, तेथे बारीक नळी वापरून वाचवलेले पैसे वाचलेले नसतातच.

बागेतील देशविचार

येथे आपले शास्त्र साहाय्यास येते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप आणि साधारण अशा देशांचे वर्णन असून औषधसंग्रहाच्या दृष्टीने भूमीचा विचार केलेला आहे. उताराच्या लहानशा बागेतही या तीन देशांची छोटी आवृत्ती आपोआप तयार होते. वरच्या अंगाची माती उथळ, मुरमाड आणि लवकर कोरडी पडणारी. खालच्या अंगाला गाळ साचतो, ओल टिकते. मधला भाग दोहोंच्या दरम्यान. ज्या ठिकाणी पाण्याचा दाब सर्वांत कमी, त्याच ठिकाणी निसर्गतःच कोरडेपणाही अधिक. मग तेथे कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पतीच का लावू नयेत?

गृहीत बागेचे उताराला आडवे असे ६ मीटर रुंदीचे तीन पट्टे पाडू. वरच्या पट्ट्यात कोरफड, अश्वगंधा, गुग्गुळ. अश्वगंधेला पाणी अधिक झाले तर मूळ कुजते, म्हणून ही जागा तिला मानवते. मधल्या पट्ट्यात तुळस, अडुळसा, निर्गुंडी, शतावरी आणि एखाद्या कडुनिंबावर चढवलेली गुळवेल. खालच्या पट्ट्यात मंडूकपर्णी, जलब्राह्मी, वेखंड. वेखंड तर पाणथळीचाच रहिवासी. वरून झिरपून येणारे पाणी त्याला उपकारकच ठरते.

या मांडणीमुळे सिंचनाचा प्रश्न निम्मा सुटतो. वरच्या पट्ट्याला तुषारांची गरजच उरत नाही. तेथे ठिबक पुरेसे आहे आणि तेही पंपाशिवाय. १० मीटर दाबावर तासाला २ लिटर देणारा साधा ड्रिपर २.४ ते ३.६ मीटर दाबावर सुमारे १ ते १.२ लिटर देतो. दोन तास कॉक उघडा ठेवला म्हणजे हिशेब पूर्ण होतो. येथे दाब-नियंत्रित ड्रिपर घेण्याचा सल्ला विक्रेते देतात. तो उंच दाबाच्या ठिकाणी योग्य आहे. परंतु अशा ड्रिपरमधील पडदा काम करू लागण्यासाठीच साधारणतः ५ ते १० मीटर दाब लागतो. टाकीच्या नैसर्गिक दाबावर साधा ड्रिपरच हितावह.

नळ्यांची मांडणी

उताराच्या बागेत एक नियम कटाक्षाने पाळावा: मुख्य नळी उताराच्या दिशेने, उपनळ्या उताराला आडव्या, समपातळीत. उपनळी चढावर नेली की तिच्यावरील प्रत्येक नोझलचा दाब निराळा होतो. ती आडवी असली म्हणजे एका ओळीतील सर्वांना समान पाणी मिळते. एका कॉकवर चालणाऱ्या विभागात दाबाचा फरक २० टक्क्यांहून अधिक नसावा. तेवढ्यात पाण्याचा फरक सुमारे १० टक्क्यांत राहतो.

मधला आणि खालचा पट्टा प्रत्येकी ७२ चौरस मीटरचा आहे. ३ मीटर अंतरावर दोन ओळी, प्रत्येक ओळीत चार, याप्रमाणे एका पट्ट्यात आठ सूक्ष्म तुषार बसतात. दोन ओळींतील उंचीचा फरक ६० सेंटिमीटर, म्हणजे १.५ किलोच्या दाबावर केवळ ४ टक्के. फवारा उताराच्या खालच्या बाजूस लांब आणि वरच्या बाजूस आखूड पडतो. म्हणून ओळी पट्ट्याच्या मध्यापासून किंचित वरच्या अंगाला सरकवाव्यात.

कॉक बंद केल्यावर नळीत उरलेले पाणी सर्वांत खालच्या नोझलमधून गळत राहते. रोजच्या या गळतीने तेथील रोपांची मुळे कायम ओली राहतात आणि दोष मात्र बुरशीला दिला जातो. प्रत्येक पट्ट्यास स्वतंत्र कॉक आणि खालच्या ओळीतील नोझलांना गळतीरोधक झडप बसवल्यास हा त्रास थांबतो.

पंप किती मोठा?

आता तुषारांच्या दोन पट्ट्यांचा हिशेब. नोझलला १५ मीटर दाब हवा. मधल्या पट्ट्याची कमाल उंची २.४ मीटर. गाळणीसाठी २ मीटर आणि नळ्या व वळणे यांसाठी दीड मीटर धरू. बेरीज सुमारे २१ मीटर. यांतील ६ मीटर गच्चीवरील टाकी फुकट देते. पंप जमिनीवर, टाकीतून उतरणाऱ्या नळीच्या तोंडाशी बसवला तर त्याने केवळ १५ मीटरची भर घालायची. शिवाय पंपाकडे पाणी स्वतःहून येत असल्याने हवा धरण्याची कटकट राहत नाही. प्रवाह हवा आठ नोझलांचे ४८० लिटर, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. हे काम अर्ध्या अश्वशक्तीचा घरगुती पंप सहज करतो.

खरेदी करताना एक दक्षता घ्यावी. पंपाच्या पेटीवर ठळक छापलेले कमाल हेड हे प्रवाह शून्य असतानाचे असते. दुकानदाराकडून हेड आणि प्रवाह यांचा तक्ता मागून घ्यावा आणि १५ मीटरसमोर मिनिटाला ८ लिटरहून अधिक आकडा आहे ना, ते पाहावे. टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा चालू नये म्हणून फ्लोट स्विच अवश्य बसवावा.

नगरपालिकेच्या नळाला पंप थेट जोडण्याचा मोह मात्र टाळावा. पाणीपुरवठा खंडित असतो तेव्हा जमिनीखालील नळी चोखली जाते आणि फटींमधून गटाराचे पाणी आत येते. त्याचा उपद्रव आपल्यासह सर्व आळीला होतो. वैद्याच्या घरून हे घडणे तर सर्वथा अनुचित. पाणी आधी टाकीत घ्यावे, मग पंपाने उचलावे.

ज्या गावी विजेचा भरवसा नाही, तेथे तिन्ही पट्टे ठिबकावर चालवावेत. मंडूकपर्णीसारख्या पसरणाऱ्या वनस्पतीसाठी ड्रिपर ३० सेंटिमीटरवर घेतले म्हणजे जमीन सलग ओली होते.

किती वेळ, केव्हा?

चौरस मीटरवर १ लिटर म्हणजे १ मिलिमीटर पाणी. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर गरज धरू. तुषारांत सुमारे चौथा हिस्सा वारा व बाष्पीभवन यांत जातो असे मानल्यास ६.७ मिलिमीटर सोडावे लागते. ९ चौरस मीटरवर तासाला ६० लिटर देणारे नोझल नेमके तितकेच देते. म्हणजे प्रत्येक पट्ट्यास रोज एक तास; दोन्ही मिळून ९६० लिटर. त्यात वरच्या पट्ट्याचे ठिबक धरूनही टाकीत पाणी शिल्लक राहते.

पण हा तास सलग देऊ नये. भारी मातीत पाणी मुरण्याचा वेग तासाला ५ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतो. उतारावर न मुरलेले पाणी थांबत नाही, वाहून जाते. म्हणून वीस मिनिटे मधला पट्टा, वीस मिनिटे खालचा, अशा तीन आवृत्त्या कराव्यात. एक पट्टा भिजत असताना दुसरा मुरवत असतो. सहाला सुरुवात केली की आठ वाजता, दवाखाना उघडण्यापूर्वी, काम संपते. अल्प मात्रा पुनःपुन्हा देण्याचे महत्त्व आपल्याला नव्याने सांगावयास नको.

संध्याकाळी तुषार चालवू नयेत. रात्रभर पाने ओली राहिली की तुळशीवर आणि अडुळशावर पानांचे ठिपके वाढतात. सकाळी भिजलेले पान उन्हाबरोबर सुकते.

औषधशाळेच्या दृष्टीने

पाने किंवा पंचांग काढावयाचे असेल तर आदल्या दिवसापासून त्या पट्ट्यातील तुषार बंद ठेवावेत आणि दव उडाल्यावर तोडणी करावी. ओली पाने ढिगात ठेवली की तापतात, काळवंडतात, सावलीत पसरली तरी त्यांवर बुरशी धरते. फवाऱ्याने उडालेली माती जमिनीलगतच्या पानांना चिकटते. मंडूकपर्णीच्या बाबतीत हा दोष विशेष जाणवतो. अविद्राव्य राखेचे प्रमाण वाढलेले दिसते, त्याचे मूळ पुष्कळदा येथेच असते. वाळलेल्या पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास माती उडत नाही आणि ओलही टिकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी व संकलनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत सिंचन वनस्पतीच्या गरजेनुसार नियंत्रित असावे आणि पाणी दर्जाच्या कसोटीस उतरणारे असावे, असा आग्रह आहे. दवाखान्याच्या मोरीचे किंवा औषधशाळेतील भांडी धुतलेले पाणी, केवळ उतारावरून आपोआप खाली जाते म्हणून, बागेत सोडू नये.

बागेची नळी आणि पिण्याच्या पाण्याची नळी एकाच टाकीवर असतील तर बागेच्या नळीला टाकीपासूनच स्वतंत्र तोंड द्यावे आणि लगेच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नळीतून जीवामृत किंवा द्रवखत देणाऱ्यांनी तर ही दक्षता कदापि चुकवू नये. पंपानंतर १२० मेशची जाळीची गाळणी असावी आणि ती आठवड्यातून एकदा धुवावी. टाकीतील शेवाळ हे बारीक नोझलचे सर्वांत मोठे शत्रू आहे. टाकीवर गडद झाकण असेल तर ते मुळातच कमी होते.

परीक्षा आणि भूमीचे रक्षण

संच बसवल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. सरळ कडांचे, एकाच आकाराचे बारा डबे एका पट्ट्यात समान अंतरावर ठेवून अर्धा तास तुषार चालवावेत. प्रत्येक डब्यातील पाणी औषधशाळेतील मोजपात्राने मोजावे. सर्वांत कमी भरलेल्या तीन डब्यांची सरासरी, सर्व डब्यांच्या सरासरीच्या ७० टक्क्यांहून अधिक असेल तर संच ठीक. कमी असेल तर ते डबे कोठे होते ते पाहावे. वरच्या अंगाला असतील तर ओळ वर सरकवावी; कोपऱ्यात असतील तर नोझलांतील अंतर कमी करावे; एकाच नोझलभोवती असतील तर ते उघडून साफ करावे.

उतारावर पाणी देणे आणि माती राखणे ही दोन कामे वेगळी करता येत नाहीत. पट्ट्यांच्या दोन्ही सीमांवर वाळ्याची दाट ओळ लावावी. वाळ्याची मुळे खोल उतरून माती धरतात, ओळीमागे गाळ साचून हळूहळू पायरी तयार होते आणि उशीरासारखे औषधी द्रव्यही हाती येते. मात्र वाळ्याचे औषध मुळातच आहे, हे लक्षात ठेवून पूर्ण ओळ एकदम खणू नये. एका वर्षी एका सीमेचा वाळा काढावा, तेथे फुटवे पुन्हा लावावेत आणि ते रुजेपर्यंत दुसऱ्या सीमेला हात लावू नये. खणणी पावसाळ्याच्या तोंडावर तर मुळीच करू नये.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून, उताराच्या जोरावर पाटाने पाणी फिरवण्याची फड पद्धत आपल्याच पूर्वजांनी चालवली. त्यांच्याजवळ पंप नव्हता. जमीन कोठून कोठे उतरते याचे ज्ञान होते. आज पंप कोणत्याही दुकानात मिळतो, ते ज्ञान मात्र ज्याचे त्यालाच मिळवावे लागते.

आमची व्यवसायबंधूंना आणि औषधशाळा चालवणाऱ्यांना विनंती इतकीच की, येत्या उन्हाळ्यापूर्वी एका सकाळी बादली, घड्याळ आणि पारदर्शक नळी घेऊन आपल्या बागेत जावे आणि वर सांगितलेले तीन आकडे एका कागदावर उतरवावेत. विक्रेत्याकडे तो कागद घेऊन गेलात तर तो जे विकतो ते नव्हे, तर आपल्या बागेला जे लागते ते मागता येईल.